'कोर्ट' संथ का आहे, आणि ऑस्करला त्याचं काय झालं

तुम्ही चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' हा मराठी सिनेमा आत्ता, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पाहिलात आणि लिहिलंत की दोन तासांत काही घडतच नाही. कॅमेरा एका जागी खिळलेला, ज्याच्यावर खटला तो शाहीर नारायण कांबळे मध्येच दिसेनासा होतो, आणि शेवट कुठल्याशा रिसॉर्टवर. मग याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, म्हणजे सुवर्णकमळ, कसं मिळालं, आणि इतका चांगला होता तर ऑस्करला नामांकनसुद्धा का नाही, असे तुमचे दोन मुख्य प्रश्न. त्यावर एकांनी उत्तर दिलंय की परदेशी लोकांना आपली गरिबी बघायला आवडते, व्हेनिसच्या महोत्सवातलं बक्षीस त्यासाठीच. मी गेली पंचवीसेक वर्षं फिल्म सोसायटीच्या खेळांना जातोय आणि हा सिनेमा पाच वेळा पाहिलाय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझीही तुमच्यासारखीच चुळबुळ झाली होती. एप्रिल 2015, दुपारचा खेळ, मल्टिप्लेक्समध्ये जेमतेम तीसेक माणसं. शेवटाकडे कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते. लोक बाहेर पडतात, शिपाई खिडक्या लावतो, दिवे बंद होतात आणि पडदा काळा होतो. काळाच राहतो. आमच्या खेळाला लोक उठलेच. पिशव्या गोळा झाल्या, कुणी पायरीवर पोहोचलं, कुणी मोबाईलचा उजेड पाडला. तेवढ्यात पडद्यावर लख्ख दिवस उजाडला आणि न्यायाधीश सदावर्ते सहकुटुंब सहलीला निघाले. निम्मी माणसं उभ्यानेच पुढचं बघत राहिली. मी बसून होतो, पण का बसलोय ते मलाही सांगता आलं नसतं.

कळायला दुसरा खेळ लागला. आमच्या फिल्म सोसायटीत तो दाखवला आणि नंतर चर्चा ठेवली, तेव्हा एक गृहस्थ आले होते. खालच्या कोर्टात स्टेनो म्हणून सगळी नोकरी करून निवृत्त झालेले. ते फक्त एका गोष्टीवर बोलले. साक्षीदार बोलतो ते नोंदवलं जात नाही, न्यायाधीश सांगतात ते नोंदवलं जातं. आठवून बघा. खटला ज्याच्या मृत्यूवरून चाललाय त्या, गटारात मेलेल्या सफाई कामगार वासुदेव पवारची बायको साक्षीला उभी राहते. नवरा दारू प्यायचा, कारण त्याशिवाय आतला वास सहन व्हायचा नाही. उतरण्याआधी झुरळं बाहेर येतात का बघायचा. आली तर आत हवा आहे. हातमोजे, मास्क, असलं काही त्याच्याकडे तिने कधी पाहिलेलं नाही. ती तिच्या भाषेत, तिच्या गतीने बोलते. मग सदावर्ते स्टेनोकडे वळून त्याचं सरकारी वाक्य करून सांगतात आणि की-बोर्डची खडखड ऐकू येते. ते गृहस्थ म्हणाले, "ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा, मधे काय काय गळालं ते." सगळी चर्चा तिथेच थांबली होती.

आता विचार करा, हा प्रसंग जवळून, त्या बाईच्या चेहऱ्यावर कॅमेरा लावून घेतला असता तर? आपण रडलो असतो, आणि ती खडखड ऐकलीच नसती. छायालेखक मृणाल देसाई कॅमेरा मागे, आपली तारीख येण्याची वाट बघत बाकावर बसलेला माणूस जिथे बसेल तिथे ठेवतात. त्यामुळे एकाच चौकटीत न्यायाधीश, वकील, साक्षीदार, स्टेनो आणि मागे जांभया देणारी माणसं अशी सगळी दिसतात. कुणाकडे बघायचं ते आपण ठरवायचं. बिनबाह्यांचा ब्लाउज घालून आली म्हणून एका बाईची सुनावणी पुढे ढकलली जाते, तो प्रसंगही असाच दूरून. पार्श्वसंगीत नाही, कुणी दचकत नाही, पुढचं प्रकरण पुकारलं जातं. तुम्ही ज्याला "काही घडत नाही" म्हणता, तिथे एका माणसाचे महिनेच्या महिने जातायत. नारायण कांबळेवर आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून एक सफाई कामगार गटारात उतरला आणि त्याने आत्महत्या केली. कलम 306, आत्महत्येस प्रवृत्त करणं. इतक्या पोकळ आरोपावर माणूस आत राहू शकतो, तो फक्त तारखांमुळे. सिनेमा भराभर पळवला असता तर तारखा दिसल्या असत्या, त्यांचा काच जाणवला नसता.

वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या घरी सिनेमा "भरकटतो" असंही तुम्ही म्हटलंय. मला तर सिनेमाचा कणा तिथेच वाटतो. बचावाचे वकील विनय व्होरा, म्हणजे विवेक गोम्बर, जे निर्मातेही आहेत. सुखवस्तू गुजराती घर, गाडीत जॅझ. मनापासून लढतात, पण कोर्टात सांगतात की मराठी नीट कळत नाही, कामकाज हिंदीत किंवा इंग्रजीत चालवा. ज्याच्यासाठी लढतायत तो आयुष्यभर मराठीत गात आलाय. सरकारी वकील नूतन, गीतांजली कुलकर्णी. कोर्टात 1876च्या नाट्यप्रयोग कायद्याचा मजकूर एका सुरात, श्वास न घेता वाचते, लोकलमधून घरी येते, मुलाला घेते, सगळ्यांसाठी रांधते. ती खलनायिका नाही. ती तुमच्या-माझ्या घरातली बाई आहे, आणि म्हणूनच रविवारी नवऱ्या-मुलांबरोबर नाटकाला जाते, परप्रांतीयांना हाकलून देणाऱ्या संवादावर सगळं नाट्यगृह हसतं, त्यात तीही हसते, तेव्हा पोटात गोळा येतो. त्या नाट्यगृहातल्या खुर्च्या, मध्यंतराची गडबड, ते टाळ्या घेणारं वाक्य, सगळं आपल्या ओळखीचं आहे. मी अशा खुर्चीत बसून हसलोय. कांबळेचं गाणं हा गुन्हा आणि हे नाटक म्हणजे करमणूक, हे सिनेमा एकदाही बोलून दाखवत नाही.

न्यायाधीशांचंही तसंच. सहलीत ते एका नातेवाईकाला मुलाच्या अडचणीवर अंकशास्त्राने नाव बदलायला आणि खड्याची अंगठी घालायला सांगतात. उद्या हाच माणूस पुरावा तोलणार आहे.

त्रुटी आहेतच. व्होरांचं सुपरमार्केटमधलं वाइन आणि चीज मला दर वेळी जास्तीचं वाटतं. एवढं अधोरेखित करायची गरज नव्हती, त्यांचं घर बघून कळलं होतं. पण 27 वर्षांच्या माणसाचा हा पहिला कथापट होता हे लक्षात घ्या. चैतन्य ताम्हाणेने बहुतेक भूमिकांमध्ये नट नसलेली माणसं घेतली आणि त्यांच्याकडून हे काढून घेतलं.

आता "परदेशी लोकांना गरिबी आवडते" याबद्दल. हे वाक्य 'पथेर पांचाली'पासून ऐकतोय आणि 'कोर्ट'ला ते लागूच होत नाही. सिनेमाचा बराच वेळ मध्यमवर्गीय आणि सुखवस्तू लोकांच्या घरात, गाडीत, हॉटेलात जातो. गटार तर एकदाही आतून दाखवलेलं नाही. व्हेनिसला 2014मध्ये त्याला दोन सन्मान मिळाले. ओरिझोंती या, नव्या वाटेच्या सिनेमांसाठीच्या विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपट, आणि पदार्पणासाठीचा लायन ऑफ द फ्युचर. ओरिझोंतीच्या ज्यूरीच्या प्रमुख होत्या हाँगकाँगच्या ॲन हुई, स्वतः दिग्दर्शिका. आणि घरी काय झालं? मुंबईच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट, मग 62व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ. मराठीला सुवर्णकमळ किती वेळा मिळालंय? 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' (विभागून), 'कोर्ट' आणि नंतर 'कासव'. इतकी छोटी यादी आहे. हे कौतुक आपल्याच ज्यूरीने केलं, त्याला परदेशी चष्मा कसा म्हणायचा?

ऑस्करचा मामला मात्र अगदी निराळा, आणि इथे आपल्याकडे नेहमी गोंधळ होतो. महोत्सवात मूठभर माणसांची ज्यूरी एकत्र बसून सगळे सिनेमे बघते, भांडते आणि ठरवते. तिथे एका परीक्षकाने हट्ट धरला तरी सिनेमा वर येऊ शकतो. ऑस्कर ही निवडणूक आहे. प्रत्येक देशाने एकच सिनेमा पाठवायचा. आपल्याकडे तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची ज्यूरी निवडते. 2015मध्ये तिचे अध्यक्ष अमोल पालेकर होते आणि त्यांनी 'कोर्ट' निवडला. ती निवड धाडसाची होती, कारण याच्या आधी अनेकदा गाण्या-बजावण्याचा, "भारतीय वाटेल" असा सिनेमा गेलाय.

पुढची पद्धत त्या काळी अशी होती. 80च्या आसपास देशांचे सिनेमे गटागटांनी वाटले जायचे आणि ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे लॉस एंजेलिसमधले काही शे सदस्य ते बघून गुण द्यायचे. हे सदस्य सगळ्या शाखांतले, वेळ देऊ शकणारे, त्यामुळे बरेचसे ज्येष्ठ. त्यांच्या गुणांवरून सहा सिनेमे निवडले जायचे, आणि उरलेले तीन एक छोटी समिती निवडायची, मुद्दाम, की वेगळ्या वाटेचं काही हातचं सुटू नये. या नऊमधून पाच नामांकनं. 'कोर्ट' नवांतच आला नाही.

का? संथ म्हणून, असं म्हणणं सोपं आहे आणि चूक आहे. त्या वर्षी पाचांत कोलंबियाचा 'एम्ब्रेस ऑफ द सर्पंट' होता. कृष्णधवल, अॅमेझॉनच्या नदीवर रेंगाळणारा, आणि अमेरिकेतला त्याचा वितरकही छोटाच. मला दोन कारणं जास्त पटतात. पहिलं, वेळ. 'सर्पंट' मे 2015मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात गाजला, ऑस्कर जिंकलेला 'सन ऑफ सॉल'सुद्धा तिथलाच, त्यामुळे हिवाळ्यात मतदान करणाऱ्यांच्या कानावर ही नावं ताजी होती. 'कोर्ट'चं व्हेनिस त्याच्या आदल्या वर्षीचं. अमेरिकेत तो जुलैमध्ये मोजक्या पडद्यांवर लागून गेलाही. वेळेबरोबर प्रचारही आला, आणि प्रचार म्हणजे लाच नव्हे. खास खेळ, दिग्दर्शकाशी गप्पा, लेख, मतदाराने 80 सिनेमांतून तुमचा आठवावा यासाठीची सगळी खटपट. त्याला महिनोन्महिने आणि भरपूर पैसा लागतो. 'श्वास' ऑस्करला पाठवला त्या वेळी इथल्या लोकांनी वर्गणी काढली होती, ते ज्यांना आठवतंय त्यांना हे नव्याने सांगायला नको.

दुसरं कारण भाषेचं, आणि ते मला जास्त टोचतं. 'कोर्ट'मध्ये मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा चार भाषा आहेत आणि कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं यावर अर्धा सिनेमा उभा आहे. व्होरा आईवडिलांवर गुजरातीत वैतागतात, कोर्टात इंग्रजीत बोलतात, नूतन कायदा इंग्रजीत वाचते आणि डबा खाताना मराठीत येते. इंग्रजी सबटायटल्समध्ये हे सगळं एकाच रंगाचं होतं. महोत्सवाची ज्यूरी थांबून विचारेल की इथे भाषा बदलली का. दिवसातला दुसरा सिनेमा बघणारा मतदार कुठून विचारणार?

आता नियम बदललेत. यादी नवाऐवजी पंधराची असते आणि सदस्य कुठूनही ऑनलाइन बघून मत देऊ शकतात. आजच्या नियमांत 'कोर्ट' पंधरांत आला असता असं मला मनापासून वाटतं, पाचांत नाही.

'साबर बोंडं'बद्दलही विचारलंत. जानेवारी 2025मध्ये रोहन कानवडेच्या या मराठी सिनेमाने अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांचं सर्वोच्च ज्यूरी पारितोषिक घेतलं. तो भारतातर्फे जावा असं मलाही वाटत होतं, गेला 'होमबाउंड' हा हिंदी सिनेमा. पण 'कोर्ट'चा अनुभव असा की जाऊनही वर्षभर शिळं झालेलं नाव तिथे मागे पडू शकतं. त्यामुळे "अन्याय झाला" म्हणण्यात मी फार शक्ती घालवणार नाही. सिनेमा बघा. वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस, चप्पल न घालता गावात फिरणारा आनंद आणि त्याच्याशी हळूहळू मोकळा होणारा बाळ्या. यावर वेगळं लिहायला हवं.

शेवटी तुमच्या मूळ तक्रारीकडे येतो, शाहीर मध्येच गायब होतो आणि शेवट नाही. नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक. एप्रिल 2021मध्ये कोरोनाने गेले. त्यांना अटक, कोर्ट, मंच हे नव्याने शिकायचं नव्हतं. कांबळेला जामीन मिळतो तेव्हा आपण सुटकेचा श्वास टाकतो. मग तो छापखान्यात असताना त्याला पुन्हा उचलतात, या वेळी कायदा आणखी कडक. जामिनाचा अर्ज पुन्हा सदावर्त्यांपुढे येतो. ते सांगतात, उच्च न्यायालयात जा, आता इथे सुट्टी लागतेय. व्होरा म्हणतात, हा आजारी म्हातारा माणूस आहे. पुढचं प्रकरण पुकारलं जातं.

मग ते दिवे एकेक करून बंद होतात. पुन्हा बघाल तेव्हा या जागी उठू नका, मोबाईल काढू नका. तो काळा पडदा म्हणजे ती सुट्टी आहे. सदावर्ते बसमध्ये बसून निघाले आहेत आणि कांबळे आत आहे, महिनाभर.