पार्सलची अंडी आणि पावतीवरची तारीख

यावल तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र दसऱ्यानंतर हाती पडलं. झाबुआकडच्या एका विक्रेत्याकडून त्यांनी कडकनाथची उबवणीची 200 अंडी मागवली, 30 रुपयाला एक. विक्रेत्याने ती 22 एप्रिल 2025 ला खासगी कुरिअरकडे दिली, 'दोन दिवसांत पोच' असं सांगून. पार्सल आलं 27 ला. अंडी मशीनला लावली, एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली 11. विक्रेता म्हणतो तुमचं मशीन खराब, कुरिअरवाला फोन उचलत नाही. शेवटी ते लिहितात, "ग्राहक कोर्टात दोन वर्षांची मुदत असते असं कळलं, म्हणून दिवाळी झाली की केस टाकावी म्हणतो. 189 पिल्लं मोठी होऊन विकली असती तर जे पैसे आले असते, ते मागता येतील का?"

अशी पत्रं मला नेहमी येतात. कधी अंडी असतात, कधी केळीची रोपं, कधी बियाणं. तक्रार करता येते का, हा प्रश्न सोडून देतो. येते, आणि ती जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगातच, म्हणजे तुम्ही म्हणता त्या ग्राहक कोर्टात, करता येते, कारण तुम्ही राहता तिथे तक्रार चालते. माझी नजर अडकली ती 'दिवाळी झाली की' या तीन शब्दांवर.

भाऊ, दोन वर्षांची मुदत खरी आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. पण कुरिअरवाल्यासाठी वेगळा कायदा आहे, 2007 चा रस्ते मालवाहतूक कायदा. त्यात कुरिअर एजन्सीही येते. त्याचं कलम 16 सांगतं की माल हरवला किंवा खराब झाला, तर दावा करण्याआधी वाहतूकदाराला लेखी नोटीस मिळालेली पाहिजे, आणि तीही बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत. दिवस बुकिंगपासून मोजायचे. पार्सल हातात पडलं त्या दिवसापासून नाही आणि पिल्लं निघाली नाहीत त्या दिवसापासूनही नाही. 22 एप्रिलपासून मोजा, 180 वा दिवस येतो 19 ऑक्टोबरला. तो रविवार आहे, तोही ऐन दिवाळीतला. हातात दोन आठवडेही नाहीत. नोटीस त्या दिवशी टपालात टाकून भागणार नाही, ती समोरच्याच्या हातात पडलेली हवी.

पाच महिने तुम्ही काय केलं, तर विक्रेत्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर भांडलात आणि कुरिअरच्या नंबरवर फोन करत राहिलात. 40 फोन केले असं लिहिलंय. 400 केले असते तरी त्याची नोटीस होत नाही. एक साधा कागद स्पीड पोस्टाने गेला असता तर हे पत्र मी निवांत वाचलं असतं.

आणि कुरिअर हातातून जाता कामा नये, याचं कारण तुमच्याच मोबाईलमध्ये आहे. सातव्या दिवशी तुम्ही बॅटरीच्या उजेडात अंडी बघितली आणि फोटो काढले. पत्रासोबत सहा फोटो आलेत. दोन अंडी स्वच्छ, पिवळसर, आत काही नाही. बाकी चारांत लाल रिंगण आहे. अंडं फळलेलंच नसेल तर ते असं स्वच्छ दिसतं. लाल रिंगण म्हणजे अंडं फळलेलं होतं, गर्भ धरला आणि मग मेला. सगळ्या अंड्यांचा साधारण हाच हिशेब असेल, तर विक्रेत्याने निकस अंडी दिली हे तुमचं म्हणणं तुमचेच फोटो खोडून काढतात.

मग गर्भ मेला कुठे? ट्रॅकिंगचा कागद बघा. 23 ला इंदूर, 24 ला भुसावळ, 25 ला भुसावळ, 26 लाही भुसावळ. एप्रिलअखेरचं भुसावळ आपल्याला कोणी सांगायला नको. उबवणीची अंडी 15 ते 18 अंशात ठेवायची असतात. वीस-एकवीस अंशांच्या वर गेली की आत हालचाल सुरू होते, आणि गोदामातल्या अर्धवट, वरखाली होणाऱ्या उष्णतेत ती नीट पुढेही जात नाही आणि थांबतही नाही. खुडूक कोंबडीखालून अंडी काढून तीन दिवस ओट्यावर ठेवली आणि परत लावली, तर काय होईल ते तुमच्या घरातली म्हातारी माणसंही सांगतील.

समोरचा वकील अर्थातच मशीनवर येणार. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय की दोन रात्री लाईट गेली होती. ते लपवू नका, उलटतपासणीत निघतंच. पण पत्राच्या तळाशी, जाता जाता, तुम्ही एक ओळ लिहिली आहे : त्याच मशीनमध्ये, त्याच दिवशी, घरच्या गावठी कोंबड्यांची 20 अंडी लावली होती आणि त्यातून 16 पिल्लं निघाली. अहो, हीच तुमची केस! लाईट गेली ती दोघांचीही गेली. मशीन एक, पाणी एक, फिरवणारा हात एक. गावठीतून वीसात सोळा आणि पार्सलमधल्या दोनशेत अकरा. त्या 16 पिल्लांचा तारखेसह फोटो असेल तर जपा, नसेल तर ज्या शेजाऱ्याने ती बघितली त्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. न फुटलेली अंडी तुम्ही उकिरड्यावर फेकली, हे वाचून मात्र कपाळाला हात लावला. त्यातली दहा जरी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोडून दाखवली असती, तर गर्भ कितव्या दिवशी मेला त्याचा कागद आज हातात असता.

विक्रेत्याला सोडा असं मी म्हणत नाही. तक्रारीत दोघांनाही सामील करा. त्याच्या बिलावर 'अंडी फलित असल्याची खात्री, पिल्लांची हमी नाही' असं छापलंय, त्यामुळे त्याच्यावर किती शेकेल ते आयोगावर आहे. मालाचा स्वभाव बघून वाहतुकीची योग्य व्यवस्था करणं ही मालविक्री कायद्याने त्याची जबाबदारी आहे. साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, भुश्शात, 'नाजूक' अशी चिठ्ठीही न लावता पाठवलेलं पार्सल तिथे त्याला अडचणीत आणू शकतं. अंडी किती दिवसांची होती, हेही त्याला विचारा.

पैशांचं बोलायचं तर बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं करू नका. 189 कोंबड्यांचा भाव मागाल तर आयोग हसेल आणि समोरचा वकील 'हा तर व्यापारी, ग्राहकच नाही' म्हणून दार लावेल. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल 'व्यापारी हेतू'त मोडत नाही, पण ते तक्रारीत स्पष्ट लिहावं लागतं. अंड्यांचे 6,000, कुरिअरचे 900, वर मनस्ताप आणि खर्च, इतकंच मागा. कुरिअरची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापट, तीही पावतीवर लिहिलेल्या किमतीपर्यंतच, अशी बांधलेली असते. विक्रेत्याने पावतीवर किती किंमत टाकली ते मला दिसत नाही, कारण तुम्ही पावतीचा अर्धाच फोटो पाठवलाय.

पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या टाकता येते आणि ती दिवाळीनंतर टाकली तरी चालेल. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, मालाची तपासणी लागली तर पाच. मी इतकी वर्षं तारखा घेतोय, मला विचाराल तर तोवर तुमच्या गावठीच्या दोन पिढ्या होतील. तरीही टाका.

नोटीस मात्र उद्याच. पार्सलचा क्रमांक, बुकिंगची तारीख, पोच झाल्याची तारीख, किती अंडी खराब झाली आणि किती रक्कम हवी, एवढं एका पानात बसतं, वकील नसला तरी चालतं. एक प्रत कुरिअरच्या नोंदणीकृत कार्यालयाला, एक जळगावच्या शाखेला. आता रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिळवलंय, तेव्हा खिडकीवर पोचपावतीसह स्पीड पोस्ट मागा. शाखेत स्वतः जाऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतलीत तर आणखी चांगलं. शिक्का द्यायला नाही म्हणाले तर तिथेच उभं राहून तीच नोटीस त्यांच्या ईमेलवर टाका, आणि पावतीचा उरलेला अर्धा फोटो मला पाठवा.