शोपँचे ई मायनर प्रेल्यूड शिकताना

शोपँ या संगीतकाराच्या ओपस २८ या संग्रहातील हे चौथे प्रेल्यूड (पियानोसाठीची छोटी रचना) अवघ्या पंचवीस बारचे (तालाच्या समान भागांचे) असल्यामुळे ते सोपे आहे, असे तुम्हाला वाटणे स्वाभाविक आहे. बोटांपुरते ते खरेही आहे.

आधी लय निश्चित करा. वर ‘लार्गो’ (अतिशय संथ) लिहिलेले पाहून नवीन विद्यार्थी डाव्या हाताचा प्रत्येक कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) सुटा, जड करून वाजवतात, परंतु प्रत्येक बारमध्ये मोठे ठोके दोनच आहेत आणि आठही कॉर्ड त्या दोन ठोक्यांतच सामावले पाहिजेत, हे ध्यानात ठेवले की वेग संथ राहूनही सूर अडखळत नाही.

ई मायनर ही पट्टी केवळ सुरुवातीला आणि शेवटी निःसंदिग्धपणे जाणवते. मधल्या भागात डाव्या हाताचे स्वर बहुधा एकेक करून अर्ध्या स्वराने खाली सरकतात, आणि वर उजवा हात मात्र बहुतेक वेळ शेजारशेजारच्या दोन स्वरांवर घुटमळत राहतो. दुःखाचा भाव या घसरणीत आहे. म्हणून डावा हात आठवडाभर एकटाच, अगदी हलका वाजवा आणि कोणता स्वर सरकला ते कानाने टिपा.

सोळाव्या बारपासून ‘स्ट्रेट्टो’ (वेग वाढवण्याची सूचना) आहे. तेथे घाई वाढू द्या, आवाजही चढू द्या. एरवी संयमच बरा. तेविसाव्या बारमधील विराम मात्र कापू नका: त्याआधीचा कॉर्ड पूर्ण विरल्यावरच शेवटचे तीन कॉर्ड अतिशय मृदू वाजवा.