चिनी ऊलाँग चहाचे पारंपरिक प्रकार कोणते? हिरव्या गोळ्या आणि काळी लांब पत्ती, दोन्ही ऊलाँग कसे?

तुम्ही दोन पाकिटं मागवलीत. एकात हिरव्या, घट्ट वळलेल्या गोळ्या आणि दुसऱ्यात काळपट, पिळदार लांब पत्ती. दोन्हींवर ‘चायनीज ऊलाँग’ छापलंय. हिरवा फुलांसारखा लागला, काळा धुरकट आणि कडू झाला, आणि यातला खरा कोणता, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही खरे आहेत. गोळ्या बहुतेक फुजियान प्रांताच्या दक्षिणेकडच्या आन्शी तालुक्यातल्या तिएग्वानयिनच्या आहेत आणि काळी पत्ती त्याच प्रांताच्या उत्तर टोकाला असलेल्या वुयी डोंगरातली. कडवटपणा पत्तीपेक्षा बनवण्याच्या पद्धतीतून आला असण्याची शक्यता जास्त, त्याबद्दल शेवटी लिहितो.

‘ऊलाँग म्हणजे ग्रीन टी आणि काळा चहा यांच्या मधला’ ही व्याख्या चुकीची नाही, पण तिच्यावर विसंबलं की असाच घोटाळा होतो. ऊलाँगच्या बाबतीत दोन गोष्टी स्वतंत्रपणे कमीजास्त होतात. एक, पान किती आंबवलं, म्हणजे हवेशी त्याची क्रिया किती होऊ दिली. दुसरी, तयार पत्ती किती भाजली. कमी आंबवून जोरात भाजलेला ऊलाँग असतो, तसा बराच आंबवून अजिबात न भाजलेलाही असतो. रंग काळा दिसला म्हणून तो जास्त आंबलेला असेल असं नाही. बऱ्याचदा तो रंग निखाऱ्याचा असतो. याशिवाय झाडाची जात आणि पान वळण्याची पद्धत. या चार गोष्टी कळल्या की कुठलंही पाकीट वाचता येतं.

आधी तो आंबवण्याचा भाग, कारण ऊलाँगचा जीव तिथे आहे. ग्रीन टीसाठी कोवळी कळी खुडतात, ऊलाँगसाठी तसं करत नाहीत. शेंडा उमलून त्याची वाढ थांबली की तीन-चार पक्व पानांची डहाळी खुडतात. ती उन्हात थोडी कोमेजवतात, सावलीत थंड करतात आणि मग बांबूच्या सुपांत किंवा फिरत्या पिंपात हलवतात. हलवताना पानांच्या कडा एकमेकींवर आपटून खरचटतात. चिरलेलं वांगं पाण्यात न टाकता ठेवलं की काळं पडतं ना, तीच क्रिया इथे फक्त पानाच्या कडेला घडते. कडा तांबूस होतात, मधला भाग हिरवा राहतो. हलवणं आणि पसरून विसावा देणं असे चार-पाच फेरे रात्रभर चालतात. सुरुवातीचे हलके, नंतरचे लांब.

विसावा का, तर देठातलं पाणी पानाच्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो. कारागीर याला ‘पाणी चालणं’ म्हणतात. पहिल्याच फेऱ्यात जोर केला तर शिरा मोडतात, पाणी देठातच अडकतं, आणि असा चहा कच्च्या गवतासारखा आणि तुरट लागतो. उलट फार उशीर झाला तर पानभर लाल डाग पडतात आणि फुलाचा वास निघून जातो. योग्य वास आला की २०० अंशांच्या वर तापलेल्या कढईत किंवा पिंपात पान टाकून क्रिया थांबवतात. त्यानंतर वळणं, वाळवणं आणि भाजणं. पावसात खुडलेल्या पानात हे नीट जमत नाही, म्हणून एकाच बागेतल्या एका आठवड्याच्या अंतराने खुडलेल्या पत्तीतही मोठा फरक पडतो.

आता वुयी. तांबड्या वालुकाश्माचे उभे कडे, मधे अरुंद घळी, त्यांत दगडी बांध घालून धरलेली माती आणि दिवसातून थोडाच वेळ पोचणारं ऊन. १९९९ पासून हा डोंगर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. इथल्या चहाला ‘यानछा’, म्हणजे कातळचहा म्हणतात. जागेवरून दर ठरतात: घळींच्या आतल्या पट्ट्यातली पत्ती ‘चंगयान’ (खरा कातळ), कडेची ‘बानयान’ (अर्धा कातळ) आणि नदीकाठच्या सपाटीवरची ‘चौछा’. झाडाची जात तीच असूनही किमतीत कित्येक पटींचा फरक असतो.

जाती पुष्कळ आहेत, पण रोजच्या व्यवहारात दोनच. रौग्वेई म्हणजे दालचिनी. वास तिखट, वर चढणारा, जिभेवर थोडी धार. श्वेईश्येन म्हणजे नर्गिस. तो मऊ आणि जाडसर लागतो, घोट भरीव. जुन्या झाडांच्या श्वेईश्येनला ‘लाओत्सोंग’ म्हणतात आणि त्यात ओलं लाकूड, शेवाळ असा दरवळ येतो. पहिल्या पावसानंतर जुन्या भिंतीजवळ येतो तसा. रौग्वेईचे शौकीन तर जागेवरून टोपणनावं ठेवतात: न्यूलानखंग घळीतली रौग्वेई ते ‘न्यूरौ’, म्हणजे गोमांस, आणि माथौयान कड्याची ते ‘मारौ’, म्हणजे घोड्याचं मांस. चहात मांस नसतं, अक्षरांचा खेळ आहे. पाकिटावर असं भाषांतर दिसलं तर दचकू नका.

जुन्या चार नामवंत झाडांची नावं ऐकलीच असतील: दा होंग पाओ (मोठा तांबडा अंगरखा), तिए लोहान (लोखंडी अर्हत), बाई जी ग्वान (पांढरा कोंबड्याचा तुरा) आणि श्वेई जिन ग्वेई (सोनेरी पाणकासव). यातला बाई जी ग्वान वेगळा कळतो, कारण त्याची पानं झाडावरच फिकट पिवळी असतात आणि चहा हलका, थोडा मक्यासारखा गोडसर लागतो.

दा होंग पाओबद्दल मात्र सावध राहा. कड्यावरच्या मूळ सहा झाडांची शेवटची खुडणी २००५ मध्ये झाली आणि २००६ पासून ती बंद आहे. ‘मूळ झाडाची पत्ती’ म्हणून आज जे विकतात ते खोटं आहे. बाजारात दा होंग पाओ म्हणून मिळतं ते बहुतेक रौग्वेई, श्वेईश्येन आणि आणखी एखाद्या जातीचं मिश्रण. त्यात वाईट काही नाही. चांगला मिश्रणकार रौग्वेईचा वास आणि श्वेईश्येनचा भरीवपणा एकत्र आणतो, आणि नवख्यासाठी ते मला एकाच जातीच्या महाग पत्तीपेक्षा बरं वाटतं.

वुयीचं मर्म भाजण्यात आहे. कोळसे पेटवून त्यांवर राखेचा थर देतात आणि वर बांबूच्या टोपल्यांत पत्ती ठेवतात. एक भाजणी कित्येक तास चालते, मग काही आठवडे विश्रांती, मग पुन्हा. रवा भाजतो तसंच समजा. मंद आचेवर आतपर्यंत खमंग होतो, मोठ्या आचेवर बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. घाईने भाजलेली पत्ती पहिल्या घोटाला धुरकट आणि तिसऱ्या पाण्याला, म्हणजे तीच पत्ती तिसऱ्यांदा भिजवली की, रिकामी लागते. ओळखायची खूण भिजलेल्या पानात सापडते. नीट भाजलेलं पान उलगडतं आणि त्यावर बेडकाच्या पाठीसारखे बारीक फोड दिसतात. कोळसा झालेलं पान उकळत्या पाण्यातही उघडत नाही, बोटांत चुरडतं. खुडणी एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, पण भाजण्या पुऱ्या होऊन चहा तयार व्हायला शरद ऋतू उजाडतो. ताज्या भाजलेल्या पत्तीत ‘आग’ जाणवते. ती दोन-तीन महिने बंद डब्यात ठेवली की शमते. तुमच्या काळ्या पाकिटात धूर जास्त वाटत असेल तर टाकू नका, ठेवून द्या.

आन्शीचा तिएग्वानयिन म्हणजे ‘लोखंडी ग्वानयिन’. ग्वानयिन हे अवलोकितेश्वराचं चिनी रूप, अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणी म्हणून रंगवला आहे तोच बोधिसत्त्व. इथे पत्ती कापडात बांधून, पिळून, उघडून, गरम करून परत बांधतात, असं कित्येक वेळा. त्यातून त्या गोळ्या बनतात. बाजारात दोन तऱ्हा दिसतात. ‘छिंगश्यांग’ म्हणजे हलक्या वासाचा, जवळपास न भाजलेला, हिरवा. ‘नोंगश्यांग’ म्हणजे भाजलेला आणि तपकिरी. त्याचं पाणी सोनेरी ते नारिंगी आणि चव शेंगदाण्याच्या खमंगपणाकडे झुकणारी. जुनी पद्धत दुसरीच्या जवळची. हिरव्याची लाट गेल्या काही दशकांतली. हिरव्यात पाणी फिकट दिसावं म्हणून लाल कडा झाडून टाकतात, त्यामुळे भिजलेली पानं कडेला फाटकी दिसली तर तो दोष समजू नका.

आन्शीत म्हण आहे, ‘वसंताचं पाणी, शरदाचा वास’. वसंतातली पत्ती घोटाला भरीव, शरदातली वासाला तेज. तिएग्वानयिनच्या नावाखाली बनशान, माओश्ये किंवा ह्वांग जिन ग्वेई या शेजारच्या जाती खपवतात. त्या स्वतःच्या नावाने चांगल्या आहेत, विशेषतः ह्वांग जिन ग्वेईचा पिकलेल्या जर्दाळूसारखा वास. पण दर तिएग्वानयिनचा लावू नये. भिजल्यावर पाहा: तिएग्वानयिनचं पान जाड, कडा लहरी आणि टोक किंचित एका बाजूला कललेलं असतं.

तिसरं घर ग्वांगडोंग प्रांतात, चाओचौजवळचा फीनिक्स डोंगर, आणि माझ्या मते वासाचा शौक असलेल्या माणसाने इथेच यावं. चहाचं नाव दानत्सोंग, ‘एकेक झुडूप’. जुन्या काळी प्रत्येक उत्तम झाडाची पत्ती वेगळी खुडून वेगळी बनवत, कारण प्रत्येकाचा वास निराळा. पुढे त्या झाडांच्या कलमांतून जाती झाल्या, त्यामुळे आज स्वस्त पाकिटावरचा ‘दानत्सोंग’ हा शब्द एकाच झाडाची हमी देत नाही.

वासांची नावं फुलांवरून ठेवलेली आहेत आणि मराठी माणसाला त्यातली बरीच घरची वाटतील. ह्वांग ची श्यांग म्हणजे अनंताचा वास. जियांग ह्वा श्यांग म्हणजे सोनटक्क्याचा. मो ली श्यांग म्हणजे मोगऱ्याचा. यू लान श्यांग चाफ्याच्या कुळातल्या फुलाचा. शिंग रन श्यांग बदामाच्या बीचा, मी लान श्यांग मध आणि ऑर्किडचा. यात फुलं मिसळलेली नसतात. वास पानातूनच येतो. सर्वांत प्रसिद्ध नाव या शी श्यांग, शब्दशः ‘बदकाच्या विष्ठेचा वास’. २०१४ मध्ये त्याला ‘चांदीच्या फुलाचा वास’ असं सभ्य नाव देण्यात आलं, पण लोक अजून जुनंच वापरतात. चहा मात्र स्वच्छ, फुलांचा आणि दुधट गोड आहे.

सुरुवातीला मी लान श्यांग घ्या. लिची आणि मधाची आठवण करून देतो, आणि बनवताना थोडी चूक झाली तरी चालते. दानत्सोंगचा स्वभाव फटकळ आहे. वेळेपेक्षा दहा सेकंद जास्त ठेवलात तर जीभ आखडेल इतका तुरट होतो.

तैवानचे ऊलाँग याच फुजियानच्या परंपरेतून गेलेले: हलका, लांब पत्तीचा बावचोंग, भाजलेला तोंगतिंग, उंच डोंगरावरचे हिरवे गोळे. त्यातला ‘पूर्वेची सुंदरी’ बनतो तो हिरव्या तुडतुड्यांनी चावलेल्या पानांपासून. चाव्याला झाड जे उत्तर देतं त्यातूनच मधाचा वास येतो, म्हणून तिथे तुडतुडे मारून चालत नाही. ‘मिल्क ऊलाँग’ घेताना मात्र सुगंध घातलेला नाही ना, ते पाहा. जिन श्वेन जातीला दुधाची झाक असते, पण अगदी पुसट. पाकीट उघडताच खव्याचा वास भपकन आला तर तो वरून लावलेला.

आता बनवणं. गायवान, म्हणजे झाकणाची चिनीमातीची वाटी, १०० ते ११० मिली. नसेल तर छोटी वाटी, बशीचं झाकण आणि गाळणं चालेल. पत्ती ५ ग्रॅम. चमच्याने मोजू नका, कारण गोळ्यांचा एक चमचा आणि लांब पत्तीचा एक चमचा यांच्या वजनात दुपटीहून जास्त फरक पडतो. ग्रॅमचा साधा काटाही ठीक. पाणी उकळतं. भांडं आधी गरम करा.

गोळ्यांचं पहिलं पाणी २०-२५ सेकंद, कारण त्या उघडायला वेळ घेतात. दुसरं मात्र १५ सेकंदांतच ओता, नाहीतर अचानक कडक होतं. वुयीला १०-१५ सेकंद. दानत्सोंगला ५-८ सेकंद, आणि धार मध्यभागी न सोडता कडेने. मग प्रत्येक पाण्याला ५ ते १० सेकंद वाढवत जा. चांगली पत्ती सहा-सात पाणी सहज देते. दर वेळी शेवटचा थेंबही काढा. पानं पाण्यात बसून राहिली की पुढचं पाणी कडू होतं, आणि तुमच्या काळ्या चहाचं बहुधा हेच झालंय. कडू झाला तर आधी वेळ कमी करा, मग पत्ती. पाणी थंड करणं सर्वांत शेवटी, कारण त्याने कडवटपणासोबत वासही जातो. मोठ्या कपात करायचा तर २०० मिलीला ३ ग्रॅम, ३ मिनिटं, आणि पूर्ण गाळून घ्या. हिरवा तिएग्वानयिन उन्हाळ्यात १ लिटर गार पाण्यात ८ ग्रॅम टाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला तर तुरटपणा जवळपास येतच नाही. दूध-साखर यात घालू नका. दुधातली प्रथिनं चहातल्या तुरट घटकांना बांधून ठेवतात आणि ज्या वासासाठी पैसे मोजले तो दबतो.

बोअरचं जड पाणी वास मारतं आणि वर तवंग आणतं. आरओचं अगदी कोरं पाणीही चव सपाट करतं. त्यात थोडं साधं गाळलेलं पाणी मिसळून पाहा.

साठवण आपल्याकडे पावसाळ्यात नडते. भाजलेला ऊलाँग घट्ट डब्यात बाहेर राहतो, पण कोकण-मुंबईच्या दमट हवेत डबा रोज उघडू नका, आठवड्याची पत्ती वेगळी काढा. हिरवा तिएग्वानयिन सीलबंद पाकिटात फ्रीजमध्ये, आणि बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय फोडू नका, नाहीतर पानांवर दव धरतं. उघडलेलं पाकीट परत फ्रीजमध्ये लसणाच्या चटणीशेजारी अजिबात नको. म्हणून हिरवा घेताना ७-८ ग्रॅमची छोटी सीलबंद पाकिटं घ्या, आणि भाजलेला असेल तर एका वेळी ५० ग्रॅम पुरे.