कोकणात कौलांवरचं शेवाळ काढायचा व्यवसाय चालेल का? सुरुवात प्रेशर मशीनने करू का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातली नोकरी सोडून राजापूर तालुक्यात गावी परत आलात, हाताशी साठ हजार रुपये आहेत आणि परदेशातले व्हिडिओ बघून पाण्याचं प्रेशर मशीन घ्यायचं मनात आहे. मशीन आत्ता घेऊ नका. धंदा चालेल, पण त्या मशीनच्या जोरावर नाही. मी अकरा वर्षं लांजा-राजापूर भागात हेच काम करतो. कौलं परतणं (काढून, साफ करून पुन्हा नीट बसवणं), शेवाळ काढणं, गळती शोधणं हाच माझा संसार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षी मीही मशीनच घेतलं होतं. एका घराचं मागचं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, धुवायला घेतलं. दीडेक तासात काळंकुट्ट पाखं लालभडक झालं. घरची सगळी माणसं खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी राहून बघत होती आणि मला वाटलं, जमलं. संध्याकाळी काकूंनी मला माळ्यावर बोलावलं. बियाण्यासाठी राखलेल्या भाताची चार पोती खालपर्यंत भिजली होती. त्या एक शब्द रागाने बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी ते भात उन्हात पसरायला मी गेलो, कामाचे पैसे घेतले नाहीत आणि बियाण्याचे भरून दिले.

मंगलोरी कौल वरून खाली येणाऱ्या पाण्यासाठी घडवलेलं असतं. एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते. मध्ये सिमेंट नाही, चिकटवायला काही नाही. पावसाचं पाणी त्या खाचेतून उतरून पुढच्या कौलावर जातं. मशीनचं पाणी मात्र आडवं मारतं, खालून वर मारतं आणि थेट खाचेतून वाशांवर उतरतं. हे नुकसान त्याच दिवशी दिसतं. दुसरं दिसायला दोन पावसाळे जातात. भट्टीत भाजताना कौलावर जी गुळगुळीत कातडी येते, ती जोराच्या पाण्याने सोलून निघते. मग कौल खरखरीत होतं, जास्त पाणी पितं आणि शेवाळ आधीपेक्षा लवकर धरतं. गिऱ्हाइकाला वाटतं, तुम्ही काम नीट केलं नाही. खरं तर तुम्ही त्याचं छप्पर म्हातारं करून ठेवलेलं असतं. अमेरिकेत बहुतेक घरांवर कौलं नसतात, डांबरी शिंगल्स (डांबराच्या पातळ चकत्या) असतात, आणि त्या बनवणाऱ्यांची संघटनासुद्धा प्रेशरने धुऊ नका असंच सांगते. व्हिडिओत ते येत नाही.

आता शेवाळाबद्दल, कारण सगळा धंदा त्यावर उभा आहे. आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो त्यात तीन वेगळी मंडळी असतात. काळा-हिरवा बुळबुळीत थर हे खरं शेवाळ. मखमलीसारख्या हिरव्या गाद्या म्हणजे मॉस. आणि राखाडी, चट्ट्यांसारखं चिकटून बसलेलं ते दगडफूल. गोड्या मसाल्यात घालतो त्याच कुळातलं. बुळबुळीत थर औषधाने जातो. मॉस औषधाने मरतं, पण गादी हाताने उचलावी लागते. दगडफूल कौलाला इतकं घट्ट धरतं की खरवडायला गेलात तर कौलाचा पापुद्रा बरोबर येतो. ते मारायचं आणि पावसाला धुऊ द्यायचं. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा.

मॉसला मुळं नसतात, नुसते धाग्यांसारखे आधार असतात. त्यामुळे ते कौल फोडून आत शिरत नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून पाणी गोठून कौल तडकण्याचा इंग्लंडातला प्रकारही इथे नाही. आपलं दुखणं वेगळं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आंब्या-फणसाचा पातेरा आणि मॉसच्या गाद्या कौलांच्या पन्हळीत अडकल्या की पाणी तुंबतं, मागे चढतं आणि खाचेवरून आत येतं. कौलांखालची आडवी लाकडी पट्टी, म्हणजे रीप, भिजते, कुजते, तिला वाळवी लागते. कौल शाबूत राहतं आणि खालचं लाकूड जातं. म्हणून मी चकाचक लाल छपराचा शब्द कुणाला देत नाही. पन्हळी मोकळ्या आणि लाकूड कोरडं, एवढाच शब्द देतो.

वेळेचं गणित कुणी सांगत नाही, ते सांगतो. मे महिन्यात मॉस तपकिरी होतं, चुरचुरतं, मेल्यासारखं दिसतं. ते मेलेलं नसतं. मृगाचा पाऊस पडला की ते तासाभरात परत हिरवं होतं. सुकलेल्या मॉसवर उन्हाळ्यात औषध मारणं म्हणजे पैसे वाया. औषध लागू पडतं ते त्याच्यात ओल आणि जीव असताना. म्हणून माझे दोन हंगाम आहेत. दसरा ते दिवाळीच्या सुमारास, पाऊस गेला पण ओल टिकून आहे, तेव्हा फवारणी. आणि मार्च ते मे या काळात हाताने काढणी, पन्हळी साफ करणं, कौलं परतणं. दोन्ही हंगामांना माणसं मिळायची मारामार असते, कारण पहिल्यात भातकापणी आणि दुसऱ्यात आंबा. गडी आधी ठरवा, मग गिऱ्हाइकाला तारीख द्या.

चाकरमानी गणपतीच्या आठ दिवस आधी फोन करतात, घर जरा साफ करून द्या म्हणून. ओल्या कौलावर मी माणूस चढवत नाही. खळं, पायऱ्या, पाखाडी (दगडी पायवाट) घासून देतो, छपराला नाही म्हणतो. सुरुवातीला अशी कामं सोडायला जीवावर येतं. तरी सोडा.

औषध म्हणजे बहुधा सोडियम हायपोक्लोराइट. कॅनमध्ये मिळतं ते साधारण दहा ते बारा टक्क्यांचं असतं. एक भाग औषधाला तीन भाग पाणी घातलं की अडीच-तीन टक्क्यांचं होतं, तेवढं पुरतं. आंब्याला फवारतात तोच सोळा लिटरचा पाठीवरचा पंप चालतो, पण काम झाल्यावर लगेच साध्या पाण्याने धुवा, नाहीतर पितळी नोझल खाऊन टाकतं. सकाळच्या गारव्यात, वाऱ्याविना, खालून वर सरकत मारायचं. त्याआधी वळचणीखालची झाडं पाण्याने भिजवून घ्यायची आणि नंतर पुन्हा धुवायची. कॅन उन्हात ठेवू नका, औषधाची ताकद उतरते. आणि संडास साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर ते कधीही, थेंबभरसुद्धा, मिसळू देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो माणूस मारतो. आपल्याबरोबरच्या प्रत्येक गड्याला हे स्वतःच्या तोंडाने सांगा.

तुमच्याकडच्या सुपारीवाल्यांपैकी कुणीतरी नक्की सांगेल की मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) मारा, स्वस्त पडतं. सुपारीच्या कोळेरोगावर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी घरोघरी मोरचूद असतोच: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. तांब्याने मॉस मरतं हे खरं आहे. पण पागोळीचं पाणी कुठे जातं ते आधी बघा. आमच्याकडे ते बागेतून पऱ्ह्याला (ओढ्याला) मिळतं, काही ठिकाणी विहिरीकडे उतरतं. तांबं माशांना विष आहे, आणि नुसता मोरचूद गॅल्वनाइज्ड पत्र्याची पन्हळ खातो. मी तो वापरत नाही. विहीर वळचणीपासून जवळ असेल तर हायपोक्लोराइटही मारत नाही. तिथे नुसता नारळाच्या हिरांचा खराटा आणि हात.

जुन्या घरात चुलीवर पत्र्याचं धुराडं असतं. त्याच्या खालच्या कौलांकडे एकदा बघा, आजूबाजूला मॉस असलं तरी तिथे स्वच्छ पट्टा दिसेल. पत्र्यावरचं जस्त पावसाबरोबर थोडं थोडं उतरत राहतं आणि मॉसला धरू देत नाही. आढ्याखाली जस्ताची पट्टी बसवायची कल्पना यातूनच आली आहे, आणि ज्यांच्या पागोळीचं पाणी विहिरीत जात नाही त्यांना मी ती सुचवतो.

आता पाय. यावर जितका वेळ घालवाल तितका थोडा. मंगलोरी कौलावर मधोमध पाय ठेवला की ते फुटतं. पाय ठेवायचा खालच्या कडेवर, जिथे दोन कौलं एकमेकांवर येतात आणि खाली रीप असते. तीसुद्धा वाळवीने पोखरलेली असेल तर फसवते. म्हणून चढायच्या आधी माळ्यावर जाऊन टॉर्चने वासे आणि रिपा बघायच्या, स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघायच्या. पोकळ लागली तर त्या पाख्यावर चढायचं नाही, आतून कौलं उचलून काम करायचं. शंका असेल तिथे आडव्या फळ्या किंवा आढ्याला आकड्याने अडकवलेली शिडी टाकून वजन वाटून घ्यायचं. अंगावर हार्नेस आणि दोर पलीकडच्या बाजूला चिऱ्याच्या खांबाला किंवा झाडाला, कधीही नुसत्या वाशाला नाही. घरात येणारी विजेची तार कुठून जाते ते बघायचं आणि पंप हातात घेण्याआधी मेन स्विच बंद करवून घ्यायचा. तरी बाहेरची तार जिवंतच असते, तिच्यापासून लांब राहायचं.

तुमच्या साठ हजारांतला पहिला पैसा इथे घाला: हार्नेस, चांगला दोर, शिडी, फळ्या, न घसरणारे बूट. प्रत्येक गड्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना काढलेली आहे का विचारा. वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं, वय १८ ते ७० हवं आणि बँकेत खातं हवं. ज्याचं नसेल त्याला मी स्वतः बँकेत घेऊन जातो. दोन लाखांनी माणूस परत येत नाही, पण घर उघड्यावर पडत नाही. उरलेल्यातून पंप, ब्रश, हातमोजे, चष्मे. तरी चार महिने पुरतील इतके पैसे हातात ठेवा, कारण पावसाळ्यात छपराचं काम नसतं.

सिमेंटच्या पत्र्याचं छप्पर आलं तर विशेष जपा. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ते घासलं किंवा प्रेशरने धुतलं की तंतू सुटतात आणि फुप्फुसात जातात. शिवाय तो पत्रा माणसाच्या वजनाने अचानक फुटतो. ही कामं मी घेत नाही.

दर सांगताना जमिनीवरचं माप धरू नका. खाली हजार चौरस फुटांचं घर, पाखं तीस अंशांत उतरत असेल तर वर साडेअकराशे चौरस फूट भरतात, वळचण वेगळी. नवीन माणूस इथेच पहिला मार खातो. एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, अंदाजे दीडशे कौलं धरा. त्यातली काही काढताना फुटणारच. ती कुणी द्यायची हे आधी बोलून कागदावर घ्या.

फुटलेल्या कौलांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण माझा खरा व्यवसाय त्यातून वाढला. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, पुढे तिथे आणि आसपास बरेच कारखाने झाले. प्रत्येकाच्या खाचेची घडण थोडी वेगळी. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या रांगेत बसवलं की तिथे फट राहते आणि पहिल्याच पावसात गळतं. कौल उलटं केलं की मागे कारखान्याचं नाव उठवलेलं दिसतं. गावात जुनं घर पाडून स्लॅब घालतात तेव्हा मी ती कौलं विकत घेतो आणि परसात नावाप्रमाणे थप्प्या लावून ठेवतो. वानरांनी दहा कौलं फोडली की लोक नव्या कौलांसाठी दुकानं फिरतात आणि शेवटी माझ्याकडे येतात. दहा कौलं बदलायला गेलं की माळ्यावर चढायला मिळतं, रिपा दिसतात, आणि पुढच्या हंगामाचं काम तिथेच ठरतं.

बंद घरांचे मालक मुंबईत असतात. त्यांना काम दिसत नाही, म्हणून विश्वास बसत नाही. प्रत्येक पाख्याचा आधीचा, चालू असतानाचा आणि नंतरचा फोटो पाठवा. कुजलेल्या रिपेचा तर टोचून दाखवलेला व्हिडिओच पाठवा. कामाच्या आधी एक तृतीयांश, शेवटची रक्कम पहिल्या मोठ्या पावसानंतर. ही शेवटची अट मीच घातली आहे. गळत नाही हे बघून पैसे देणारा माणूस पुढच्या वर्षी भावाचं घरही देतो.

उद्यमची, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी, नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, ती करून टाका. जीएसटीची काळजी वर्षाला वीस लाखांची उलाढाल होईपर्यंत करू नका.

मशीनचं म्हणाल तर दोन वर्षांनी घ्या. सिमेंटचं खळं, स्लॅबची गच्ची, कंपाउंडची भिंत यांना ते उत्तम आहे. चिऱ्याच्या पायऱ्यांना मात्र नको, जांभा मऊ असतो, त्याला खड्डे पडतात.

सुरुवात तुमच्या स्वतःच्या घरापासून करा. उत्तरेकडचं किंवा झाडाखालचं पाखं निवडा. या ऑक्टोबरात त्याच्या अर्ध्या भागावर औषध मारा, अर्धा तसाच ठेवा, मधल्या रांगेला खडूने खूण करून फोटो काढा. मे महिन्यात दोन्ही अर्धे हाताने साफ करा आणि कुठल्या बाजूला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. पुढच्या ऑक्टोबरात त्याच जागेवरून परत फोटो काढा. पहिल्या गिऱ्हाइकाला ते दोन फोटो आणि ती वही दाखवा.