गोल्डन एल्मची पानं पिवळी म्हणजे झाड मरतंय का?

नाही, मरत नाहीये. आणि कृपा करून कापू नका.

तुम्ही लिहिलंय की मेलबर्नला घर घेतलं, पुढच्या अंगणात मोठं झाड आहे, सप्टेंबर संपता संपता पानं फुटली ती पिवळीच फुटली, आजूबाजूची झाडं हिरवीगार, मग हे आजारी आहे का आणि काढायला किती खर्च येईल. वर्णनावरून तो गोल्डन एल्मच आहे, इकडे नर्सरीत 'ल्युटेसेन्स' नावाने मिळतो. पिवळा हा त्याचा रंगच आहे, त्या रंगासाठीच लोक तो लावतात. पंट रोड आणि अलेक्झांड्रा अव्हेन्यूच्या कोपऱ्यावरचा मोठा गोल्डन एल्म एकदा जाऊन बघा, वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या यादीतलं झाड आहे ते. कोणी म्हणतं का त्याला आजारी?

मी एवढं तावातावाने लिहितेय कारण हाच प्रश्न आमच्या घरी ऑक्टोबर २०१६ मध्ये निघाला आणि आजपर्यंत मिटलेला नाही.

माझे मोठे दीर वरुडचे, संत्र्याची बाग, चाळीस वर्षं तेच केलंय. शेती पुतण्याच्या हाती देऊन पहिल्यांदाच तीन महिन्यांसाठी इकडे आले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन झाडाखाली उभे राहिले आणि म्हणाले, "याले लोहाची कमी हाय, पिवळं पडून राह्यलं हे." मी म्हटलं भाऊजी, हे झाड असंच असतं, आम्ही घर घेतलं तेव्हापासून असंच आहे. तर म्हणाले, "तुले झाडातलं काय समजते." नवरा तिथेच उभा होता, काही बोलला नाही. दादा म्हणतो म्हणजे बरोबरच असणार.

शनिवारी दोघं जाऊन हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घेऊन आले. बुंध्याभोवती आळं केलं, बादलीत हिराकस कालवून ओतलं, पुढच्या दोन महिन्यांत तीनदा. आळ्यातून ओघळलेलं पाणी ड्राइव्हवेवर आलं आणि काँक्रीटवर गंजाचे तांबूस ओघळ पडले, प्रेशर वॉशरने पण गेले नाहीत, आजही आहेत.

आता खरी गोष्ट ऐका. गोल्डन एल्मची नवी पानं वसंतात एकदम पिवळीधमक असतात आणि उन्हाळा चढला की हळूहळू पोपटी होतात, आतल्या सावलीतली तर बरीच हिरवी दिसतात कारण तो पिवळेपणा उजेडावर येतो. दर वर्षी होतं, कोणी काही घाला न घाला. पण त्या वर्षी जानेवारीत, म्हणजे इकडच्या ऐन उन्हाळ्यात, झाड पोपटी झालं आणि भाऊजींनी जाहीर करून टाकलं की औषध लागू पडलं. विमानात बसायच्या आधी झाडाबरोबर फोटो काढला, तो सगळ्या नातेवाईकांना गेला, "मरणारं झाड वाचवलं". दर दिवाळीच्या फोनवर आजही तेच ऐकते.

लोहाची कमी ओळखणं काही अवघड नाही. त्यात नवीन पान पिवळं पडतं पण शिरा हिरव्या राहतात, जाळी काढल्यासारखं दिसतं, संत्र्यात अगदी तसंच असतं, भाऊजींनी हजारदा बघितलं असेल. गोल्डन एल्मचं पान हातात घ्या. वरून खरखरीत, देठापाशी एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली, आणि शिरांसकट सगळं पान पिवळं. कुठेही जाळी नाही. हे पान मी तेव्हा त्यांच्या हातात दिलं होतं. त्यांनी बघितलं नाही, खिशात टाकलं.

पुढच्या वर्षी मी काहीच घातलं नाही. ऑक्टोबरमध्ये परत पिवळं आणि जानेवारीत परत पोपटी. तीन वर्षं ऑक्टोबर, डिसेंबर, मार्च असे एकाच फांदीचे फोटो काढून पाठवले. उत्तर काय आलं तर "डोस कमी पडला, पुन्हा टाका".

हिराकसपेक्षा मला जास्त लागलं ते फुटव्यांचं. हा एल्म कलमाचा असतो, खाली साध्या हिरव्या एल्मचा खुंट आणि वर पिवळा. आमच्या झाडाला सांध्याखालून तीन हिरवे फुटवे आले होते, मी दर वर्षी काढायचे. त्या वर्षी भाऊजी म्हणाले ह्याच निरोगी फांद्या आहेत, ह्यांना हात लावायचा नाही, पिवळ्या छाटा. पिवळ्या छाटू दिल्या नाहीत मी, पण फुटवे राहिले, नवऱ्यानेच राखले. दोन वर्षांत मनगटाएवढे जाड आणि माझ्या दीडपट उंच झाले, आणि त्या बाजूची पिवळी फांदी झाकून गेली. शेवटी एका रविवारी नवरा बाहेर गेलेला असताना मी करवत घेतली आणि तिन्ही मुळाशी कापले. ज्या माणसाने आयुष्यभर जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधले, जंबेरीचा फुटवा दिसला की त्याच दिवशी मोडला, त्याला एल्मचा खुंट ओळखू येऊ नये हे मला अजून पटत नाही. झाड ओळखीचं नसेल तर विचारावं. घरातल्या बाईला विचारलं म्हणून कोणाचं काही कमी होत नाही.

असो, तुमच्या झाडाचं बोलते. काळजी करायची तर एल्म लीफ बीटलची करा, पानं खाणारा भुंगेरा आहे तो. १९८९ पासून व्हिक्टोरियात आहे. पानाच्या खालच्या बाजूला ओळीत चिकटवलेली बारीक पिवळी अंडी दिसतात का बघा, पुढे पानांना भोकं पडतात, मग नुसती चाळण उरते आणि ऐन उन्हाळ्यात झाड तपकिरी दिसायला लागतं. तेव्हा आर्बोरिस्टला, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञाला, बोलवा, मुळाशी किंवा खोडात औषध देतात. चाळीसच्या वर पारा आणि उत्तरेचा वारा असला की पानांच्या कडा करपतात, तो रोग नाही, आदल्या रात्री पोटभर पाणी द्या. आणि ज्या डच एल्म रोगाने ब्रिटनमध्ये कोट्यवधी एल्म गेले तो ऑस्ट्रेलियात आलेला नाही, न्यूझीलंडमध्ये मात्र १९८९ मध्येच सापडला. म्हणून इथले एल्म जपायचे. सप्टेंबरात पानांच्या आधी फांद्यांना पोपटी कागदी चकत्या लागतात, आपल्याकडच्या वावळाला लागतात तशाच, वावळ ह्याच कुळातला. लहानपणी वावळाच्या बिया सोलून खाल्ल्या असतील तर लगेच ओळखाल.

एक राहिलं. झाड बारा-पंधरा मीटर जातं आणि पसाराही जवळजवळ तेवढाच, मुळं जुन्या मातीच्या पाइपात शिरतात, त्यामुळे घराला अगदी चिकटून असेल किंवा मोठी फांदी छपरावर वाळलेली असेल तर माणूस बोलावून दाखवा, माझ्या भरवशावर राहू नका. काढायच्या खर्चाचं मी सांगणार नाही, आणि बऱ्याच कौन्सिलमध्ये एवढ्या झाडाला परवानगी लागते, विचारल्याशिवाय करवत लावू नका.

भाऊजी, पुतण्याने हे तुम्हाला वाचून दाखवलं तर, यंदा सप्टेंबरात जाऊबाईंना घेऊन या. खोडावर गुडघ्याच्या खाली कलमाचा सांधा आहे, वरची साल वेगळी आणि खालची वेगळी. एकदा हात लावून बघा.