गावातल्या गरजू माजी सैनिकाला आपण नेमकी काय मदत करावी?

तुम्ही लिहिलंय की गल्लीतले एक म्हातारे माजी सैनिक एकटे राहतात, पेन्शन नाही आणि मंडळ वर्गणी काढायच्या विचारात आहे. वर्गणी थोडी थांबवा. आधी त्यांची ट्रंक उघडा.

मी सातारा जिल्ह्यातला. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावानं 46 जवान गमावले, असा हा मुलूख. तरीही आमच्या शेजारच्या आबांचे हाल आम्हाला उशिरा कळले. वडील वारले म्हणून ते नऊ वर्षांतच घरी परतले होते. जवानाला पेन्शन बसायला 15 वर्षं नोकरी लागते, म्हणून सरकारदरबारी आपलं काहीच नाही असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आम्ही किराणा नेऊन दिला, तर दुसऱ्या दिवशी तो परत आला. मग मी नुसतं म्हटलं, "आबा, तुमचं डिस्चार्ज बुक बघायचंय." म्हणजे फौज सोडताना मिळतं ते नोकरीच्या नोंदींचं पुस्तक. खाटेखालची ट्रंक त्यांनी स्वतः ओढली आणि दोन तास एकेक पोस्टिंग सांगत बसले.

ते बुक घेऊन आम्ही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या, पेन्शन नसलेल्या, 65 वर्षांवरच्या निराधार माजी सैनिकाला आणि अशा सैनिकाच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाचं मासिक अनुदान मिळतं. ते 4,000 रुपये होतं, नोव्हेंबर 2025 पासून 8,000 झालं. 7 डिसेंबरच्या ध्वजदिनाला आपण जो निधी देतो, त्यातूनच हा पैसा येतो. शिवाय 2020 पासून राज्यात माजी सैनिकाला एका घराची घरपट्टी माफ आहे. त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागतो.

गल्लीत पेन्शनवालेही असतील, तर त्यांच्या बायकोचं नाव आणि जन्मतारीख सैन्याच्या नोंदीत आधारकार्डाप्रमाणेच आहे का, हे ते हयात असतानाच पाहून घ्या. माझ्या मावशीचं नाव नोंदीत वेगळं निघालं आणि काका गेल्यावर कुटुंब पेन्शनसाठी तिला दीड वर्ष खेटे घालावे लागले. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठीही म्हाताऱ्यांना ताटकळावं लागू नये. पोस्टमन घरी येऊन तो काढून देतो, फक्त कुणीतरी त्याला बोलवायला हवं.

आणि फौजेत क्लार्क राहिलेला कुणी निवृत्त माणूस पंचक्रोशीत असेल, तर त्याला पहिल्याच दिवशी सोबत घ्या. कागद त्याला कळतात आणि आबांसारखी माणसं त्याच्यापुढे संकोचत नाहीत.