६० एचपीच्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणायचं का?

म्हणायचं. बिनधास्त म्हणायचं. प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय ना, की छोट्या कंपन्यांच्या असल्या हलक्या प्लास्टिकच्या गाड्यांचं लोक उगाच कौतुक करतात आणि ओळखीत एक जुनी सॅन स्टॉर्म मिळतेय तर ती घेऊ की त्यापेक्षा सरळ एसयूव्ही घेऊ, ते वाचून मला आमचे भावोजीच आठवले. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर रात्री साडेअकराला मी असल्या भानगडीत पडत नाही.

माझ्याकडे स्टॉर्म चार वर्षं होती, २००६ ते २०१०. लाल, जीए पासिंग, गोव्याहून स्वतः चालवत आणली होती. दोन सीट, वर उघडं, फायबरची बॉडी आणि पुढे रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, तेच जे युरोपात ट्विंगो आणि क्लिओमध्ये यायचं. आणि हो, ६० एचपी. मोजून साठ.

आधी ते 'प्लास्टिक'. माझा रबाळे एमआयडीसीत एफआरपीचा, म्हणजे फायबरच्या वस्तूंचा, छोटा गाळा आहे, टाक्या, कूलिंग टॉवरची कव्हरं वगैरे बनवतो, त्यामुळे हा शब्द मला लागतो. अहो, पत्र्याची गाडी करायची तर प्रत्येक पॅनेलला प्रेसची डाय, म्हणजे पोलादी साचा, लागते आणि त्या डायांचा खर्च कोटींत जातो, तो लाखभर गाड्या विकणाऱ्यालाच परवडतो. वर्षाला शे-दोनशे गाड्या करणारा माणूस काय करणार? तो मोल्ड बनवतो, मोल्डला वॅक्स लावतो, त्यावर जेलकोट (वरचा चकचकीत थर), मग मॅट (काचतंतूंची चादर), रेझिन, पुन्हा मॅट, रोलर फिरवून हवा काढायची, सुकलं की काढायचं. मोल्ड स्वस्त, पण एकेका पॅनेलला माणसाचे तास न् तास जातात. म्हणून छोट्या कंपनीची गाडी फायबरची असते, कंजूषपणा म्हणून नाही. लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीने तर १९५७ साली एलीट काढली तिचा सांगाडासुद्धा फायबरचा होता, वेगळी चासी नाहीच. हे भावोजींना मी किमान दहा वेळा सांगितलंय. दहाही वेळा त्यांनी "म्हणजे बादलीच ना?" एवढंच विचारलं.

तर भावोजी. माझ्या मोठ्या ताईचे मिस्टर. माणूस सोन्यासारखा, आमच्या वडिलांच्या आजारपणात रात्र रात्र बसलेत, पण गाडीचा विषय निघाला की बोलणंच खुंटतं. त्यांच्याकडे तेव्हा दोन टनांची डिझेल एसयूव्ही होती आणि त्यांचं म्हणणं एकच, गाडी म्हणजे रोड प्रेझेन्स. मी स्टॉर्म पहिल्यांदा त्यांच्या वर्तकनगरच्या सोसायटीत नेली तेव्हा वॉचमनसमोर मला म्हणाले, "हिला हँडल बसव आणि ट्रॉली बॅगेसारखी लिफ्टने वर ने." वॉचमन हसला. ते मी अजून विसरलेलो नाही.

२००७ चा जानेवारी. आईला लेण्याद्री आणि ओझरचं दर्शन घ्यायचं होतं. ठाण्याहून कल्याण, मुरबाड, माळशेज घाट आणि पलीकडे ओतूर, असा रस्ता. मी म्हटलं दोन गाड्या काढू. भावोजींच्या गाडीत ते, ताई, आई आणि भाची, माझ्या गाडीत मी आणि भाचा, तेव्हा तो चौदा वर्षांचा. पहाटे पाचला तीन हात नाक्याहून निघालो, टप उघडं, दोघांनी कानटोप्या घातलेल्या, थंडीने नाक गळतंय आणि पोरगं मात्र नुसतं हसतंय, कारण काय तर बाजूने ट्रक गेला की त्याच्या चाकाचे नट बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर येत होते. एवढं खाली बसायचं असतं. मुलुंडच्या टोल नाक्यावर तर मी कायम उभा राहून पैसे द्यायचो, आतल्या माणसाला आधी फक्त हात दिसायचा. (आता छोट्या गाड्यांना तिथला टोल माफ झाला, ही मजाही गेली.)

मुरबाडपर्यंत भावोजी पुढे. सरळ रस्ता, टर्बो डिझेल, मी लांब मागे, आणि इथे प्रामाणिकपणे सांगतो, सरळ रस्त्यावर साठ एचपी म्हणजे साठ एचपीच, ओव्हरटेक करायचं तर आधीपासून बेत आखावा लागतो. टोकावड्याच्या पुढे रस्ता वळायला लागला आणि सगळं उलटं झालं. मी काही वेड्यासारखी चालवत नव्हतो, चाळीस-पन्नासच्या वर काटा जातच नव्हता. पण त्यांची गाडी प्रत्येक वळणाआधी ब्रेक मारून नाक खाली घालायची, मग एका कुशीवर कलायची, मग सरळ व्हायची, तोवर पुढचं वळण. दोन टनांचं धूड, त्यात सगळं वजन उंचावर, त्याला दिशा बदल म्हटलं की ते आधी विचार करतं. माझ्या गाडीला विचार करायला वजनच नव्हतं. स्टिअरिंग मनगटाएवढं वळवलं की नाक वळलं, ब्रेकला नुसतं बोट लावल्यासारखा पाय लावायचा, दुसरा गिअर, तिसरा गिअर, परत दुसरा, आणि डांबराचा पोत म्हणजे कुठे खडी उघडी पडलीय, कुठे नवा थर टाकलाय ते बुडाखाली वाचता येत होतं. पन्नासच्या स्पीडला मला जे मिळत होतं ते भावोजींना एकशे वीसलाही मिळणार नाही, आणि एकशे वीसला गेले तर त्यांना हायवे पोलीस मिळतील.

एका वाकणावर त्यांनी हात दाखवून मला पुढे जाऊ दिलं. घाट संपल्यावर टपरीवर चहा सांगितला, चहा येऊन संपला, तेव्हा ते आले. गाडी थांबल्या थांबल्या मागचं दार उघडलं आणि भाची बाहेर येऊन ओकली. आईचा चेहरा पांढरा. भावोजी उतरले आणि म्हणाले, "सकाळी पोहे नको म्हणत होतो मी."

पोहे! आम्हीही तेच पोहे खाल्ले होते हो!

परतीच्या प्रवासात भाचीने हट्ट धरला, मामाच्या गाडीत बसायचंय. त्यावर भावोजी म्हणाले, "पोचलो ना दोघेही? आणि तुझ्या गाडीत पाच नारळ तरी मावतात का?" ताईपण हसली. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, ते आज देतोय.

स्पोर्ट्स कार म्हणजे किती एचपी हा प्रश्नच चुकीचा आहे. किती एचपी किती वजनाला, हा प्रश्न. १९९६ ची पहिली लोटस एलिस घ्या, रोव्हरचं १.८ चं इंजिन, ११८ एचपी, म्हणजे आज आपल्याकडच्या टर्बो हॅचबॅकएवढे. पण गाडी सव्वासातशे किलोच्या आसपास, अल्युमिनियमच्या पट्ट्या वेल्डिंग न करता गोंदाने, म्हणजे इपॉक्सीने चिकटवून केलेली चासी आणि वर फायबर. हिशोब करा, टनाला एकशे साठच्या वर एचपी. पुढचे टायर किती रुंद? १८५. आपल्या साध्या गाड्यांना असतात तेवढेच. जेवढं वजन कमी तेवढे ब्रेक छोटे चालतात, टायर बारीक चालतात, स्प्रिंग मऊ चालते, मग ते भागही हलके, म्हणजे वजन अजून कमी. भावोजींच्या गाडीत हेच चक्र उलटं फिरतं. कॅटरहॅम या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीची सेव्हन १७० तर अजून कमाल, आपल्या ओळखीच्या सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, जपानमधल्या पिटुकल्या के-कारमधलं, ८४ एचपी आणि अख्खी गाडी ४४० किलो. ज्या डिझाइनवर ती उभी आहे ते लोटसने १९५७ ला काढलं, १९७३ ला कॅटरहॅमने हक्क विकत घेतले आणि अजून तीच गाडी बनवतायत. ज्यांनी चालवल्यात ते आकडे सांगत बसत नाहीत, ते हातवारे करतात. तुम्ही ज्याला उगाच कौतुक म्हणता ते हे.

आता भावोजींचा ताजा वार. २०२३ च्या नोव्हेंबरात लोटस भारतात आली, आणि काय घेऊन आली? इलेट्रे. इलेक्ट्रिक एसयूव्ही, अडीच टनांच्या घरात, किंमत अडीच कोटींच्या वर. भावोजींनी सकाळी सात वाजता फॅमिली ग्रुपवर बातमी टाकली, खाली लिहिलं, "तुझे गुरुजीपण आमच्या पार्टीत आले." वर दोन नमस्कार. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एलिस २०२१ मध्येच बंद केली यांनी. पण भावोजी, २०१७ पासून लोटसची मालकी चीनच्या गीलीकडे आहे, लोटस उभी करणारे कॉलिन चॅपमन जाऊन चाळीस वर्षं झाली, आणि दुकान चालवायला जे खपतं ते ठेवावं लागतं. हॉटेलवाल्याने चायनीज ठेवलं म्हणून त्याची मिसळ खोटी होत नाही. (ग्रुपवर मी फक्त अंगठा टाकला होता. ताई असते तिथे.)

बरं, तुम्ही स्टॉर्म घ्यावी का. घरात दुसरी गाडी असेल तर घ्या, एकच गाडी ठेवणार असाल तर नको. हे आधीच सांगायला हवं होतं, पण त्या लेण्याद्रीच्या दिवशी डबे, सतरंजी, आईची औषधं, पाचही नारळ, सगळं भावोजींच्याच गाडीत होतं हे मला मान्य आहे. पावसाळ्यात घोडबंदर रोडला नेऊ नका, गायमुखचे खड्डे बघता तिथे होडी बरी. स्पीडब्रेकर तिरका घ्यायचा, एका वेळी एक चाक, नाहीतर चेंबर घासतं. उन्हाळ्यात दुपारी टप उघडून पाम बीचला गेलात तर टाळू भाजेल. मजा वर्षातले चार महिने, पहाटे सहा ते आठ.

कागद नीट बघा. पंधरा वर्षं कधीच उलटून गेली असणार, तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, ग्रीन टॅक्स भरलाय का, बाहेरच्या राज्याची असेल तर एनओसी आहे का. कोणी मोठं इंजिन बसवून दिलंय असं सांगत असेल तर आरसीवर तशी नोंद बघा, नसेल तर हात जोडून परत या, गाडीत मनमानी बदल चालणार नाहीत असं २०१९ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, ते आरटीओला पाठ आहे.

बॉडी तपासायला मात्र कोणा डेंटिंग-पेंटिंगवाल्याला नेऊ नका. माझ्या गाडीचा मडगार्ड एका रिक्षाने दाबला होता, ठाण्यातल्या एका गॅरेजात दिली, आणि त्या मिस्त्रीने सवयीने मागून हातोडा घातला. फायबरला! पत्रा बाहेर येतो, फायबर फुटतं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडल्या आणि वर मलाच म्हणतो, "साहेब, माल हलका आहे." शेवटी गाळ्यावर नेऊन आतून तीन थर मॅट मारून मीच नीट केला. तुम्ही एक रुपयाचं नाणं घ्या आणि सगळ्या बॉडीवर टकटक करत फिरा. टण्ण आवाज आला तर थर घट्ट आहेत, भद्द आला तर आत थर सुटलाय किंवा कोणीतरी लांबी (पुट्टी) भरून रंग मारलाय. दाराच्या बिजागरीपाशी आणि सीटबेल्ट जिथे अडकतो तिथे जास्त वेळ द्या. मग गाडीखाली झोपून चासीचा गंज बघा, कारण फायबर गंजत नाही म्हणून लोक खालचं लोखंड विसरतात. जुनी चादर आणि टॉर्च न्या.

आणि सोबत भावोजींसारखं कोणी असेल तर त्यांना आत बसवू नका. आमचे बसले होते एकदा, २००९ मध्ये, "बघू तरी" म्हणून. येऊरच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो, अख्ख्या रस्त्यात एक शब्द बोलले नाहीत, आणि परत आल्यावर त्यांना बाहेर काढायला मी आणि तो वॉचमन, दोघे लागलो.